मामाजीच्या नावाचा चोर

त्या दिवशी पुलिस थान्यात कोन कोन होतं ते पहिले सांगून टाकते, म्हंजे मागून कोनी म्हनाले नको का हिनं मनानं जोडलं. एक मी, गिरजा. दुसरी माही मोठी जाऊ यमुना, जिले मी जलमभर बाई म्हनत आली. तिसरे मुंशीजी, त्याईचं नाव कधी समजलं नाही. चष्म्याची एक काडी नव्हती म्हनून सुतळीनं कानाले बांधून होते. चौथा एक सिपाही, त्याले सर्दी झालती. पाचवे दरोगासाहेब, ते जेवून आतल्या खोलीत आडवे झालते, मागून उठले. अन् एक बकरी, कोन्या तरी केसमधली, ती दारच्या खांबाले बांधून होती अन् मधामधात मुंशीजीच्या कागदाकडं पाहे. एवढेच. त्यातली आता मी एकलीच राह्यली...

बाईले जाऊन महिना होऊन राह्यला. बालाघाटले पोरीकडं होती. डोळ्याचं आपरेशन झाल्यावर पोरीनं तिथंच ठेवून घेतलं होतं तिले. फोन सकाळी आला. सुनेनं घेतला अन् माह्याकडं पाह्यलं, तं मी समजली. मी धान पाखडून राह्यली होती. सुपात उरलं होतं तेवढं पाखडून घेतलं, मंग उठली. सून म्हने, “आई, रडा थोडं, मोकळं वाटते.” मी म्हनलं, “रडीन. घाई काय आहे?” पन रडू काही आलं नाही. अन् तेरवीच्या दिवशी बाया चूपचाप बसल्या होत्या, तवा मले ती थान्यातली बकरी आठोली अन् हासू फुटलं. सगळ्याईनं पाह्यलं. घरी आल्यावर सून म्हने, “काय आठोलं ते सांगा, मी लिहून घेते, पेपरच्या पुरवनीत देऊ.” मी दुसरी पास आहे, तेही मास्तरच्या दयेनं. म्हनून बोलते तसंच हे लिहिलं आहे.

आमचं गाव बावनथडीच्या काठाले, तिरोडीच्या इकडं. नदीच्या या बाजूनं आमचं राज्य, त्या बाजूनं महाराष्ट्र. आधी सारं एकच होतं म्हनत. मंग वरच्या लोकाईनं वाटनी केली, आमच्या सोयरीकी तिकडं राह्यल्या अन् आम्ही इकडं. मी लग्न होऊन आली तवा मामाजी, म्हंजे आमचे सासरे, हयात होते. नुसते खाकरले तरी आम्ही दोघी जावा कवाडाच्या आड होत असू. त्याईचं नाव काही मी सांगनार नाही. सून म्हने, “आई, वाचनाराले समजलं पायजे ना. मी लिहिते, तुम्ही तिकडं पाहा.” मी तिकडं पाह्यलं अन् तिनं लिहिलं: लटारू. झालं का वो? झालं म्हनते. आमच्याकडं दर दोन गावात त्या नावाचा एक मानूस भेटते, पन आम्हा दोघींसाठी ते नाव एकाच मानसाचं होतं. आमच्या वेळेस सासऱ्याचं, भासऱ्याचं, नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं का त्याईचं आयुष्य कमी होते असं मानत. मेल्यावर तरी मोकळीक भेटावी, तं तेही नाही. मेल्यावर त्याईले वरून जास्त साफ ऐकू येते म्हनत. आताच्या सुना नवऱ्याले नावानं हाक मारतात अन् नवरे ऐंशी ऐंशी साल जगतात. आमचे कसे गेले मंग, ते मले आजवर समजलं नाही.

बाईचा नवरा, माहा भासरा, तीन दिवसाच्या तापात गेला. दुसऱ्या साली मामाजी गेले. माह्या घरचे तिरोडीच्या खदानीत कामाले, हप्त्यातून एक डाव घरी येत, तेही एवढे काळे होऊन का तोंड धुतल्यावरच ओळखू येत. शेती आम्हा दोघी बायाईवर पडली. बाई स्वतः नांगर धरे. गावात कोनी बाई नांगर धरत नव्हती. पहिल्या साली लोक बांधावर उभे राहून पाहत. दुसऱ्या साली पाहनं बंद झालं. तिसऱ्या साली आमचा बांध फोडून आमचं पानी आपल्या धानाच्या बांधीत घेऊ लागले, तवा आम्हाले समजलं का आता आपल्याले शेतकरी मानतात.

नांगराले दोन हल्ये होते. हल्या म्हंजे रेडा. धानाच्या चिखलात बैल थकते, हल्या थकत नाही. एक चांद्या, त्याच्या कपाळावर पांढरा टिपका. दुसरा वाकड्या, त्याचं डावं शिंग खाली वाकून कानावर आलं होतं, जशी कोनी कानावर बिडी ठेवावी. वाकड्या खाष्ट होता. दुसऱ्या कोनी हात लावला तं पाय झाडे, अन् बाईनं नुसतं “चाल बाप्पा” म्हनलं का चाले. त्या दोघाईच्या खुरावर आमच्या घरातल्या पाच तोंडाईचं सालभराचं पोट होतं. चिखल झाला तं रोवनी, रोवनी झाली तं धान. बाकी काही हाताशी नव्हतं.

पासष्ट का सहासष्टची गोष्ट असन. जेठ महिना, भर दुपार. छत्री घेतलेला एक मानूस आंगनात आला, पांढरं धोतर, पायात जोडा. म्हने, “माय, पानी भेटन का? जनावराचा दलाल आहो, तिकडून येऊन राह्यलो.” बाई दारातूनच म्हने, “गाव कोनतं जी? नाव काय?” त्यानं गाव सांगितलं, मंग नाव सांगितलं. तेच नाव, मामाजीचं. बाईनं झटक्यानं पदर डोक्यावर ओढला. तिचं पाहून मीही ओढला. ज्या लोट्यातून मामाजी पानी पेत, तोच लोटा बाईनं घासून आनला अन् गुळाचा खडा सोबत देला. तो मानूस मामाजीच्या बाजेवर बसला, आम्ही दोघी कवाडाच्या आड. तो म्हने, “जनावरं कसे काय आहेत?” बाई आतून म्हने, “पाहून घ्या जी, तुमचेच आहेत.” एवढं बोलाले नको होतं, पन त्या नावापुढं तोंडातून तेच निघे. त्यानं गोठ्यात जाऊन दोघाईचे दात पाह्यले, पाठीवर थाप मारली, दावे कसे बांधले ते पाह्यलं. बाई मले हळूच म्हने, “पाह्य गिरजे, चालनंही तसंच आहे.” मामाजी लंगडत. हा मानूस धड चाले. पन मीही हौ म्हनलं.

तिसऱ्या दिवशी उजाडल्यावर गोठा रिकामा. दावे कापले नव्हते, गाठी सोडून नीट गुंडाळून गव्हानीत ठेवले होते. बाई ते दावे हातात घेऊन पाहत राह्यली अन् म्हने, “सवयीचा मानूस आहे.” एवढंच. मंग भिंतीले टेकून बसली अन् जरा वेळानं म्हने, “मी त्याले मामाजीचा लोटा देला.” मले वाटते हल्ये गेल्यापेक्षा तिले ते जास्त लागलं होतं.

रोवनी पंधरा दिवसावर आलती. गावातले मानसं आले, हळहळले, गेले. बाई मात्र हप्त्याच्या बाजारात गेली, भाजी इकत घेनाऱ्या बायाईत जाऊन बसली अन् इचारत सुटली. तीन गावच्या तीन बाया भेटल्या. एकीची बैलजोडी गेलती, एकीची दुभती म्हैस, एकीचे गोऱ्हे. तिघीईच्याही घरी चोरीच्या दोन-तीन दिवस आधी छत्रीवाला येऊन पानी पेऊन गेलता. अन् त्याच्याही आधी एक सूप-चाळन्या बांधनारा, डाव्या डोळ्यानं आंधळा, गल्लीत फिरून गेलता. तो आमच्याकडंही आलता, आमचं सूप बांधून देलं होतं. सूप चांगलं बांधलं होतं, ते खोटं कशाले बोलू. बाई बाजारातून घरी येईपर्यंत सारं जुळवून आली. म्हने, “हा एकला मानूस नाही वो. टोळी आहे. एक हुंगते, एक पाहते, एक सोडते अन् कोनी तरी नदीपार नेते. थान्यात सांगा लागते.”

थान्यात सांगाचं काम कोतवालाचं. दर हप्त्याले गावची खबर देनं, कोन जलमलं, कोन मेलं, कोन नवीन आलं, याच्यासाठीच तं सरकार त्याले ठेवते. बाईनं त्याले सांगितल्याबरोबर त्याच्या पोटात दुखाले लागलं. मंग पाटलाच्या ओट्यावर बैठक झाली. पाटील म्हने, “यमुनाबाई, गेलं ते गेलं. चार कोसावरून पुलिस आनली तं गावाची इज्जत काय राह्यन?” सगळ्याईनं माना हालवल्या. पन गोष्ट इज्जतीची नव्हती, मोहाची होती. चैतात येचलेले मोहफुलं घराघरात होते अन् परसापरसात दारूचं मडकं होतं. पाटलाकडं दोन होते. कोतवालाकडं तं होतंच, तो सरकारी मानूस म्हनून जरा मोठं होतं. आमच्याकडंही एक होतं. बाई पेत नव्हती, पन रोवनीच्या मजुराईले संध्याकाळी द्या लागे, नाही तं दुसऱ्या दिवशी येत नसत. हल्याईची चोरी पाहाले आलेली पुलिस मडक्याकडं डोळे मिटून थोडी जाईन, हे ज्याले त्याले समजत होतं.

बाई उठून उभी राह्यली. पाटलापुढं बाया उभ्या राहत नव्हत्या. म्हने, “मी उद्या सकाळी जाऊन राह्यली. पुलिस कवा येईन ते मले सांगता येत नाही. ज्यानं त्यानं आपआपलं मडकं पाहून घ्यावं.” मंग घरी आली अन् सगळ्यात पहिले आमचंच मडकं उचललं, तोंडाले फडकं अन् माती लावली अन् गावाबाहेरच्या बोडीत, म्हंजे शेताच्या पान्यासाठी असते त्या लहान तळ्यात, नेऊन बुडवलं. तिले वाटलं ही अक्कल आपल्यालेच सुचली. पन परत येताना तिले वाटेत पाटलाची बायको भेटली, डोक्यावर टोपली, टोपलीवर शेनाच्या गोवऱ्या, अन् बोडीकडं चाललेली. त्याच्यामागं कोतवालाची बायको. कोनी कोनाले काही इचारलं नाही. संध्याकाळपर्यंत बोडीचं पानी बोटभर वर आलं असं सांगतात.

सकाळी आम्ही दोघी निघालो, भाकरी बांधून. थान्यात पोचलो तवा ऊन तापलं होतं. मुंशीजीनं खाली बसाले लावलं. त्याईची हिंदी, आमची आमच्यापुरती.

“क्या हुआ बाई?”

“हमारे हल्ये चोरी गए जी. दोन.”

“किसने चुराए, कुछ मालूम है?”

“मालूम है जी.”

मुंशीजीले बरं वाटलेलं दिसलं. चोर माहीत असलेला मानूस त्याईच्याकडं रोज येत नसन. टाक दौतीत बुडवला. “नाम बोलो.”

बाईनं माह्याकडं पाह्यलं. मी बकरीकडं पाह्यलं. घरून निघताना, चार कोस चालताना, आम्हा दोघींच्या डोक्यात ही गोष्ट आलीच नव्हती.

“नाम तो नहीं ले सकती जी,” बाई म्हने.

“डरो मत. धमकी दी है उसने?”

“धमकी नहीं जी. वो हमारे ससुर का नाम है.”

मुंशीजीनं मान डोलवली, लिहिलं अन् वाचून दाखवलं, का प्रार्थिया के अनुसार दोनों भैंसे उसका ससुर ले गया है.

मी घाबरली. म्हनलं, “नाही जी, मामाजी तं तीन साल झाले मेले.”

मुंशीजीनं चष्म्याची सुतळी सोडली. “मरा हुआ ससुर दो भैंसे ले गया?”

“ससुर नहीं ले गया,” बाई म्हने. “ससुर के नाम का आदमी ले गया.”

“तो ससुर का नाम बोलो.”

“वही तो नहीं बोल सकती जी.”

सिपाही शिंकला. मुंशीजी माह्याकडं फिरले. “तू बोल दे.”

“माहेही तेच सासरे जी.”

“दोनों का एक ही ससुर?”

“जावा आहोत ना जी आम्ही.”

“गाँव से कोई मर्द नहीं आया साथ में?”

“मर्दों का पेट दुखता है जी,” बाई म्हने.

मुंशीजीनं कागद फाडला, दुसरा घेतला. म्हनले, पहला अक्षर ही बता दो. मी दुसरी पास, मले पहिलं अक्षर येत होतं, तोंड उघडलंही होतं. बाई म्हने, “गिरजे.” मी तोंड मिटलं. पहिलं अक्षर म्हंजे अर्ध्यापेक्षा थोडं कमी नावच झालं. मंग मुंशीजी आपलेच नावं सांगत बसले, गणपत? सीताराम? दशरथ? अन् आम्ही मान हालवत राह्यलो, नाही, नाही, नाही... बकरीनं तेवढ्यात पहिला कागद खाऊन टाकला. मामाजीवरचा आरोप तेवढा मिटला म्हनून बाईले जरा बरं वाटलं.

शेवटी मुंशीजी उठले अन् कपाटातून लाल कापडात बांधलेलं रजिस्टर काढलं. त्या इलाक्यात जेवढे नावाजलेले चोर, सगळे त्याच्यात होते. म्हनले, “मैं पढ़ता हूँ. जिस नाम पर आऊँ, हाथ उठा देना.” अन् वाचू लागले, नाव, बापाचं नाव, गाव, धंदा, अंगावरची निशानी. आम्ही आयकत बसलो. पहिल्याच पानावर एक नाव आलं, तो माह्या मावसबहिनीचा दीर निघाला. मी चूप बसली, पन तवापासून मावसबहिनीचा निरोप आला का मी आपल्या कोंबड्या मोजत असे. पुढच्या पानावर आलं, कोलबा, सूप-चाळन्या बांधनारा, डावा डोळा नाही. बाई म्हने, “ठहरो जी. ये नाम नहीं, पर ये आदमी आया था.” मुंशीजीनं तिथं लाल निशानी केली अन् आता जरा सरळ बसून वाचू लागले.

अन् मंग ते नाव आलं. आम्ही दोघींनी एकाच वक्ती पदर ओढला अन् भिंतीकडं तोंड फिरवलं. मुंशीजी थांबले. परत वाचलं. आम्ही परत ओढला. म्हनले, “अच्छा! तो ये है.” पन पान उलटलं तं त्याच नावाचा दुसरा निघाला, त्याच्यावरही ओढला. तवा मुंशीजीनं कपाळावर हात मारला अन् म्हनले, “और कोई पहचान है उसकी?” बाई म्हने, “छाता रखता है जी.” छत्रीवरून निवाडा झाला. पहिलाच होता.

मुंशीजी रजिस्टर मिटाले लागले, तं बाई म्हने, “पूरा पढ़ो जी. इतनी दूर से आए हैं.” काय मनात आलं असन त्याईच्या, वाचत गेले. अन् आखरीच्या पानावर एक नाव आलं, जवान मानूस, गाव नदीपारचं, हल्ये-बैल पान्यातून पोहत नेन्यात हुशार. बाई म्हने, “ये तो हमारे पाटील का साला है. पंधरा दिन से पाहुना आया है. कल बैठक में पान खा रहा था.”

आतल्या खोलीतून खाट वाजली. दरोगासाहेब बनियानीवर बाहेर आले. “कौन पाटील?”

पाटलाले इज्जतीची एवढी काळजी काहून होती, ते तिथं बसल्या बसल्या समजलं. त्याले पुरतं माहीत होतं असं बाई कधी म्हनली नाही, मीही म्हनत नाही. बायकोचा भाऊ होता, इचारत नसन, एवढंच. आखरीले मुंशीजीनं सारं लिहून वाचून दाखवलं. बाई म्हने, “वाकड्याचं शिंग लिहिलं का? बायाँ. और ठंडी पेज नहीं खाता, मुँह फिरा लेता है, ये भी लिखो जी.” मुंशीजीनं तेही लिहिलं. बाईनं अंगठा लावला, मी सही केली. सही म्हंजे नुसतं गिरजा.

मंग मात्र हासन्यासारखे दिवस नव्हते. जनावरं नदीपार गेलेले, नदीपार दुसरं राज्य, दुसरी पुलिस. इकडून तिकडं चिठ्ठी जानार, तिकडून इकडं येनार. पाटलाचा साळा त्याच संध्याकाळी निघून गेलता. विहिरीवर आमच्याशी बोलनं बंद झालं, आमची घागर आली का बाया आपल्या घागरी उचलून बाजूले होत. पऱ्हे, म्हंजे धानाचे रोप, तयार होऊन उभे होते. येळेवर रोवले नाही तं ताठरतात, मंग त्याले दाना धरत नाही. बाई अन् मी फावडं घेऊन बांधीत उतरलो. दोन मानसाईनं दिवसभर तुडवून जेवढा चिखल होये, तेवढा चांद्या-वाकड्याच्या दोन फेऱ्यात होत असे. माह्या हाताचे फोड फुटले. बाईचे फुटले असतीन तं तिनं दाखवले नाही. एक दिवस बांधावर बसून भाकर खाताना ती म्हने, “मामाजीले वर समजत असन का वो, आपन त्याईच्या नावावर किती पदर ओढला ते?” मी म्हनलं, “समजलं असन तं खाकरले असते.”

अकरा-बारा दिवसानं चांद्या आला. नदीपारच्या बाजारात छत्रीवाला, सूपवाला अन् साळा तिघंही एकाच झाडाखाली धरले गेले, त्या झाडाले चांद्या बांधला होता. वाकड्या आधीच्या बाजारात इकला गेलता. दरोगासाहेब स्वतः आले, सायकलवर, मागं सर्दीचा सिपाही चांद्याले धरून. सारं गाव जमलं. कोतवालाचं पोट बरं झालतं, तो सगळ्यात पुढं. बोडीच्या काठच्या कडुनिंबाखाली पंचनामा लिहिनं चालू झालं, पाटील पंच, मान खाली. अन् चांद्यानं बोडी पाह्यली. बारा दिवस तिकडं कोनी त्याले पान्यात बसू देलं नसन. सिपाहीच्या हातातून दावं ओढून तो सरळ गेला अन् बोडीच्या मधोमध, अंग टाकून, बसला.

आधी एक आवाज आला, खप्प. मंग दुसरा. मंग त्यानं कूस बदलली अन् चार-पाच एकदम आले. पान्यावर बुडबुडे, फडके, मडक्याचे खापरं, अन् मोहाचा असा वास सुटला का बांधावरच्या बाया पदर नाकाले लावून एकमेकींच्या आड झाल्या. चांद्यानं तोंड बुडवलं ते काढेच ना. दरोगासाहेबानं नाक वर केलं. सर्दीच्या सिपाहीलेही वास आला.

“पाटील, इस तालाब में क्या है?”

“गाळ आहे जी,” पाटील म्हने.

दरोगासाहेबानं चांद्याकडं पाह्यलं, तो डोळे मिटून पेऊन राह्यला होता. मंग बाईकडं पाह्यलं. बाई खाली पाहत होती. तिच्या पायाजवळ आमच्याच मडक्याचं फडकं तरंगत आलं होतं. दरोगासाहेब पंचनाम्याच्या कागदावर सही करून म्हनले, “भैंसा बरामद हुआ. तालाब की रपट किसी ने लिखवाई नहीं है.” अन् सायकलवर बसून गेले. चांद्याले बाहेर काढाले सहा जनं लागले, अन् दुसऱ्या दिवशी तो दुपारपर्यंत झोपून होता.

एका हल्यानं नांगर चालत नाही. पन दुसऱ्याच सकाळी कवाड उघडलं तं आंगनात पाटलाचा एक हल्या बांधून होता, समोर चारा टाकलेला. कोनी काही सांगितलं नाही, बाईनंही इचारलं नाही. चांद्याच्या जोडीले त्याले जुंपलं. रोवनी उशिरा झाली, धान निम्म्याहून जरा जास्त झालं. निभलं.

बालाघाटच्या कचेरीत तारीख पडली तवा साहेबानं छत्रीवाल्याकडं बोट करून इचारलं, “इसका नाम क्या है?” बाईनं पदर ओढला. साहेबानं परत इचारलं. तवा पिंजऱ्यातून तो मानूसच म्हने, “साहेब, मैं ही बता देता हूँ, बाई को तकलीफ मत दो.” अन् त्यानं आपलं नाव सांगितलं. बाई त्याले पदराआडूनच म्हने, “वाकड्या कोनाले इकला जी?” तो खाली पाहून म्हने, “आठवत नाही माय. नदीपारचा कोनी होता.”

पन तवापासून बाई जिथं गेली तिथं पहिले गोठ्यात गेली. नदीपारच्या लग्नात नवरी पाहाच्या आधी यजमानाचे हल्ये पाहून येई. रस्त्यानं हल्याईची गाडी आली का थांबे, डाव्या शिंगाकडं पाहे, मंग चाले. चांद्या म्हातारा होऊन मेला, आमच्या बांधात पुरला. शेत वाटले गेले, टॅक्टर आले, तरी तिचं पाहनं चालूच. जत्रेत कोनी म्हने, “यमुनाआजी, काय शोधता?” तं म्हने, “काही नाही, आपलं पाहते.” आखरीले मी बालाघाटले तिच्या पोरीकडं भेटाले गेली, तवा तिच्या डोळ्याले हिरवी पट्टी होती. खिडकीखालून आटो जाऊन राह्यले होते. माहा हात धरून म्हने, “येताना वाटेत हल्ये दिसले का वो?” मी म्हनलं, “आता हल्ये कुठं राह्यले बाई.” तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं. मंग म्हने, “तरी पाहत जाय...”

मले समजते, वाकड्या आता नसन. पन नदीपारच्या गावाईतलं कोनी हे वाचत असन तं घरच्या म्हाताऱ्या मानसाईले एवढं इचारून पाहा, का त्या सालाच्या पावसाआधी बाजारातून आनलेला, डावं शिंग कानावर वाकलेला, खाष्ट हल्या कोनाच्या घरी होता का. आम्ही काही मांगत नाही, अन् ज्यानं घेतला त्याचा दोषही नाही. त्याचे दिवस तिकडं कसे गेले, तेवढं सांगून जा. मी घरीच असते.